पंधराव्या होलवरचा चेंडू

सकाळची शुगरची गोळी यादोरावांच्या बोटांतून निसटली, फरशीवर दोन उड्या मारून खाटेखाली गेली, आणि आता सुनेला हाक मारावी की नातीला, डिंपलला, हे ठरायच्या आतच त्यांचा उजवा पाय खाटेखाली जाऊन परतही आला. अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट यांच्या चिमटीत ती पांढरी, गोल गोळी अलगद धरलेली होती. शहाऐंशी वर्षांच्या माणसाला वाकायला नको म्हणून पायानेच परस्पर केलेली सोय, एवढंच खरं तर. घरात कोणी पाहिलंही नाही. मुलगा मनिष पहिल्या पाळीला वरठीच्या कारखान्यात गेला होता, सून मागे कपडे धूत होती. पण यादोराव खाटेच्या काठावर बसून त्या पायाकडे असे बघत राहिले, जणू दुसऱ्याच कोणाचा तरी पाय आपल्या धोतराखालून बाहेर आला होता. ही कला त्यांची नव्हती. आयुष्यात त्यांनी ती कधी केली नव्हती. ती धाकट्या भावाची, घनश्यामची. आणि नेमकं आज, समोर टेबलावर नागपूरच्या गोल्फ क्लबचं ते जाड, सोनेरी काठाचं कार्ड पडलेलं असताना. गोळी घ्यायची राहूनच गेली.

कार्ड परवा आलं होतं. क्लबाला शंभर वर्षं झाली म्हणून रविवारी समारंभ, आणि त्यात ‘१९६३ च्या ओपन स्पर्धेचे विजेते, क्लबाचे माजी प्रोफेशनल श्री. यादोराव सेलोकर’ यांचा सत्कार. न्यायला गाडी येणार होती. डिंपलने ते मोठ्याने वाचून दाखवलं तेव्हा यादोराव ‘श्री.’पाशीच अडकले. त्यांच्या काळात स्पर्धेच्या यादीत हौशी खेळणाऱ्या साहेबलोकांच्या नावाआधी ‘मिस्टर’ असायचं आणि पोटासाठी खेळणाऱ्यांचं नुसतं नाव. यादो. बस. डाक्टर, कर्नल, वकील यांच्याबरोबर अठरा होल खेळायचे, त्यांना हरवायचं, आणि मग ते पंख्याखाली जाऊन बसायचे अन् आपण कडुनिंबाखाली डबा सोडायचा. यात कोणाला काही वावगं वाटत नसे, यादोरावांनाही नाही. बाप तिथे गवत कापायला होता, दोघे भाऊ सिहोऱ्याहून त्याच्या मागे आले, साहेबांच्या पिशव्या वाहता वाहता खेळ शिकले. पिशवी वाहणारा पोरगा प्रोफेशनल झाला, यापुढे पंख्याची काय मातब्बरी! साठ वर्षं उशिरा का होईना, ‘श्री.’ लागला होता, आणि त्याचा आनंद व्हावा तर तो होत नव्हता. कारण त्रेसष्ट सालची ती स्पर्धा आपण जिंकलीच नाही, असं यादोराव साठ वर्षं धरून चालले होते.

घनश्याम त्यांच्याहून तीन वर्षांनी लहान. त्याच्या पायांची बोटं हाताच्या बोटांसारखी होती. धान रोवण्याच्या दिवसांत आईच्या पायातलं जोडवं बांधीतल्या, धानाच्या खाचरातल्या चिखलात गेलं, सगळ्यांनी हात घालून घालून चिखल ढवळला, आणि घनश्यामने कमरेवर हात ठेवून, आभाळाकडे बघत, नुसते पाय फिरवत ते बाहेर काढलं होतं. उन्हाळ्यात तलाव आटला की गाळातले शिंगाडे तो असेच काढी. गाळात पाय खुपसून जगणाऱ्यांच्या घरात हा एक उपयोगी गुण, बाकी काही नाही. पण गोल्फच्या मैदानावर त्याच गुणाला भलतंच मोल आलं. पिशव्या वाहणारे कॅडी तेव्हा अनवाणी असत. खेळणारा मागे, कॅडी पुढे, चेंडू खड्ड्यात पडलेला असला तर चालता चालता, मान न वळवता, अंगठ्याच्या चिमटीत धरून हातभर पुढे, चांगल्या गवतावर. वरून पाहणाऱ्याला वाटे, गडी फक्त चालला. कितीतरी साहेबांना हे हवं असे. ते तोंडाने ब्र काढत नसत, नुसते घनश्यामला पुढे पिटाळत आणि आपण सिगारेट पेटवायला थांबत. यादोराव त्याला म्हणायचे, “माह्या खेळात असं केलं तर तंगडी तोडीन, घनश्या.” घनश्याम हसायचा. “तुमाले कायले लागते, भाऊ? तुमचा चेंडू आपल्या मनानंच चांगल्या जागी जाते.”

आणि मग त्रेसष्ट सालचं, कलकत्त्याकडचं ते मैदान. शेवटचा दिवस, पंधरावा होल. दिल्लीचा एक प्रोफेशनल आणि यादोराव बरोबरीत होते. वारा डावीकडे ओढत होता हे माहीत असूनही यादोरावांचा हात किंचित लवकर फिरला आणि चेंडू डावीकडच्या नाल्याकाठच्या झुडपांत गेला. तो जाताना त्यांनी स्वतः पाहिला होता. नाल्याकाठी गुरांच्या खुरांनी जमिनीची चाळण झाली होती, तिथून चेंडू काढायचा म्हणजे एक फटका वाया, म्हणजेच स्पर्धा गेली. घनश्याम पिशवी घेऊन पळत पुढे गेला होता. यादोराव पोचले तेव्हा चेंडू झुडपाच्या अलीकडे, बोटभर उंच, दाट गवताच्या झुबक्यावर पाटावर मांडल्यासारखा बसला होता. आणि चार हातांवर घनश्याम उभा होता. पिशवी खांद्याला, नजर लांब झेंड्याकडे, आणि डाव्या पायावर उजवा पाय ठेवलेला. पायाने पाय झाकलेला. यादोरावांनी ते पाय पाहिले. काय ते समजले. ओरडावं, पंचाला बोलवावं, दंडाचा एक फटका आपल्यावर लावून घ्यावा, हे सगळं डोक्यात येऊन गेलं, यायला जेवढा वेळ लागतो तेवढाच वेळ टिकलं. घनश्याम झेंड्यावरची नजर न काढता म्हणाला, “मारा, भाऊ.” त्यांनी पाच नंबरचं आयर्न, ती लोखंडी काठी, घेतलं आणि मारला. तसा फटका त्यांच्या हातून आधी कधी निघाला नव्हता, नंतरही नाही. हाताला चेंडू लागल्याचं कळलंच नाही. तो उंच गेला, वाऱ्याला टेकला, आणि ग्रीनच्या बारीक कापलेल्या गवतावर भोकापासून दोन हातांवर येऊन थांबला. एका फटक्याने ते जिंकले. परतीच्या गाडीत कप मांडीवर घेऊन घनश्याम वाटेत भेटेल त्याला सांगत होता, “माहा भाऊ होय हा, माहा भाऊ.” आणि यादोराव खिडकीबाहेर बघत होते. तेव्हा विचारलं असतं तर? पण विचारून काय मिळणार होतं? ‘हो’ म्हणाला असता तर कप परत करावा लागला असता.

डिंपल चहा घेऊन आली. “आबाजी, गोळी नाही घेतली अजून? हातातच धरून बसले!” त्यांनी मुठीत बघितलं, गोळी घामाने विरघळायला लागली होती. ती तोंडात टाकून ते म्हणाले, “डिंपल, तुह्या कॉलेजले सुट्टी कधी आहे?” “उद्या. काहून?” “मले सिहोऱ्याले ने. घनश्यामकडे.” ती बघतच राहिली. लग्न, मयत सोडून आबाजी सिहोऱ्याला गेल्याचं तिला आठवत नव्हतं. “सत्काराचं सांगाले?” “हो,” यादोराव म्हणाले. “इचारालेही.” काय विचारायला, हे तिने विचारलं नाही. चांगल्या पोरीचं हे लक्षण.

दुसऱ्या दिवशी वरठीहून एसटीने मोहाडी ओलांडताना खिडकीतून कापलेल्या बांध्या दिसत होत्या. धानाच्या कडपा, कापून आडव्या टाकलेल्या ओळी, उन्हात वाळत पडल्या होत्या, कुठे कुठे भारे बांधून त्यांचे ढीग, पुंजणे रचले होते. त्या पिवळ्या खुंटांकडे बघताना यादोरावांना मैदानातलं उन्हाळ्याचं गवत आठवे, आणि मैदानावर असताना बांध्या आठवत. दोन्हीकडचे असून ते कुठलेच नव्हते. खेळ तर त्रेसष्टनंतर दोन वर्षांत हातचा गेला. स्पर्धा झाल्या, ते गेले, थर्ड क्लासने हिंदुस्थान पालथा घातला, पण चेंडूवर उभे राहिले की वाटे, हा इथेच पडला होता का? कोणी हलवला तर नाही? आणि त्याहून वाईट म्हणजे वाटे, हलवल्याशिवाय मला जमतंच नाही. हात जड होई. लोक म्हणत, यादो आला तसा गेला. मग साहेबांच्या बायकांना आणि मुलांना काठी कशी धरायची ते शिकवण्यात तीस वर्षं गेली. बायको, निर्मलाबाई, असेपर्यंत म्हणायची, तुमचं मन कुठं अडकून राहिलं आहे, तेवढं सांगा एकदा. त्यांनी तिलाही सांगितलं नाही. ती गेली, न ऐकताच.

आणि ते पासष्ट साल. तोवर क्लबातल्या ज्या खोलीची पायरी चढायची नसे, त्या खोलीत त्या दिवशी त्यांना आत बोलावलं होतं. बूट बाहेर काढून ते गालिचावर मोज्यांनी उभे राहिले. उजव्या मोज्याला भोक, त्यातून अंगठा बाहेर. तो लपवायला त्यांची धडपड चालली होती. लांब टेबलामागे कमिटी बसली होती. एका साहेबाच्या सामन्यात त्याचा चेंडू हलवलेला सापडला होता, समोरच्याने बोंब मारली, आणि साहेबाने हात झटकले, मला काय ठाऊक, ह्या कॅडीचं काम. कोण साहेब, कसा साहेब, आणि तो सिगारेट पेटवायला कुठे थांबतो, हे यादोरावांना तळहातासारखं माहीत होतं. अध्यक्षाने विचारलं, “यादो, तेरे भाई को ये आदत है क्या?” साहेबच करायला लावतात, साहेब, असं एक वाक्य बोलायचं होतं. पण यादोरावांना त्या क्षणी दिसला पंधराव्या होलवरचा तो झुबका. चौकशी वाढली, घनश्यामला खोदून विचारलं, कोणाकोणाचे चेंडू हलवलेस म्हणून, आणि तो भोळसटपणे सगळं सांगत सुटला तर? कप, नाव, नोकरी, सगळं त्या झुबक्यावर उभं होतं. “है, साहब,” ते म्हणाले. बाहेर आले तेव्हा घनश्याम कडुनिंबाखाली उकिडवा बसला होता. यादोराव काही बोलले नाहीत. त्यानेही विचारलं नाही. संध्याकाळच्या गाडीने तो सिहोऱ्याला गेला, बापाच्या दोन एकरांत, आणि पुन्हा त्या फाटकातून आत आला नाही. पण त्या वर्षी धान निघाल्यावर नागपूरला एक पोतडं आलं. चिन्नोर तांदूळ, शिजायला टाकला की चार घरं वास जाणारा. तेव्हापासून एकही वर्ष चुकलं नाही. यादोराव नोकरी संपवून वरठीला मुलाकडे आले, तेव्हा पोतडं वरठीला यायला लागलं. दरवर्षी पहिल्या घासाला त्यांना वाटे, हा माणूस मला कशाची शिक्षा देतो आहे?

तुमसरहून ऑटो केला. घनश्यामचं घर तलावाच्या पाळीखाली, बांधाखाली. अंगणाला लागूनच खळं, तिथे अर्धा पुंजणा मोडलेला. ऑटोचा आवाज ऐकून घनश्याम बाहेर आला. वाळून काटकी झालेला, बंडी-धोतर, पाय अजून अनवाणी. “भाऊ!” म्हणाला आणि वाकून पायाला हात लावला. त्र्याऐंशी वर्षांचा माणूस शहाऐंशी वर्षांच्या माणसाच्या पाया पडतो, हे डिंपलला गमतीचं वाटलं असावं, ती हसली. सीताबाई, घनश्यामची बायको, भासऱ्यांना, नवऱ्याच्या थोरल्या भावाला बघून पदर पुढे ओढून दाराआड झाली. साठ वर्षांत तिने यादोरावांशी सरळ शब्द बोललेला नव्हता. ती डिंपलला म्हणाली, “बाई, आबाजीले म्हणा, खाटेवर बसा. आज नवा भात आहे, जेवल्याशिवाय जायाचं नाई.” दाराशी तोंड बांधलेलं एक पोतडं उभं होतं. यंदाचं.

डिंपलने कार्ड वाचून दाखवलं. घनश्यामने ते हातात घेतलं, उलटंसुलटं केलं, सोनेरी काठावरून बोट फिरवलं. त्याचे डोळे भरून आले. “श्री. यादोराव,” तो म्हणाला. “आयकलं काय वो?” त्याने दाराकडे तोंड करून सांगितलं, “भाऊचा सत्कार करून राहिले क्लबवाले! मीबी जाणार आहे रविवारी. तो पांढरा सदरा काढ, लग्नातला. फाटकातून आत जाईन मी, भाऊ, तुमच्यासंगं. पायतो कोण अडवते!” आणि तो लहान मुलासारखा हसला. सीताबाई आतून सदरा घेऊन आली आणि खाटेच्या कडेला घडी घालून ठेवून गेली. यादोरावांना वाटलं, विचारू नये. हा आनंद असाच राहू द्यावा, रविवारी दोघांनी जावं, हार घालून घ्यावा, मरून जावं. पण गोळी पकडणारा तो पाय धोतराखाली अस्वस्थ होता. “डिंपल, जरा लहान आजीले मदत कर,” ते म्हणाले. ती आत गेली.

“घनश्याम, पंधरावा होल आठवते?”

“कोणता? कलकत्त्याचा? न आठवाले काय झालं!”

“तो चेंडू...” त्यांनी काठी खाटेला टेकवली. “तू सरकवला होता ना? मी इतके वर्ष... मले खरं सांग आता. मी नाई रागवत.”

घनश्याम त्यांच्याकडे बघत राहिला. प्रश्न आधी कळलाच नसावा, मग हळूहळू कळत गेला, आणि तो कळताना त्याच्या चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी म्हातारं झालं. “मी?” तो म्हणाला. “तुमचा चेंडू? नाई गा, भाऊ. तो झुडपाले लागला अन् उलटा येऊन गवतावर बसला. मी हात काय, पाय नाई लावला. जवळ गेलो नाई मी. चार हातावर उभा राहिलो.” मग जरा लाजून म्हणाला, “लय इच्छा झाली होती, का अजून जरासा वर उचलून ठेवावा. पायाले सवयच तशी. म्हणून मी ह्या पायावर हा पाय देऊन उभा होतो. दाबून धरला होता, का भाऊच्या चेंडूले लागू नोको म्हणून.”

खळ्यावर एक कोंबडी दाणे टिपत होती. यादोराव तिच्याकडे बघत होते. डाव्या पायावर ठेवलेला उजवा पाय. साठ वर्षं त्यांनी तो पाय रोज पाहिला होता आणि एकदाही नीट पाहिला नव्हता. तो फटका खरा होता. त्या हातांचा होता. पुढची सगळी वर्षं ज्या हातांवर विश्वास ठेवला नाही, त्याच हातांचा. आणि आता थांबायला हवं होतं, पण घनश्यामच पुढे बोलला. “तुमाले काय सांगू, भाऊ. कमिटीनं मले काढलं, त्याचं मले दुःख नाई. साहेबाचा चेंडू मी सरकवलाच होता, त्याच्यासाठीच सरकवला होता. पण तुमी आत जाऊन माह्यासाठी भांडले असान, त्या मोठ्या लोकाइसमोर, हे मी मरेपर्यंत इसरत नाई. तुमची नोकरी जाऊ शकत होती. म्हणून म्हणलं, आपल्यापाशी आहे काय, धान आहे. भाऊच्या ताटात आपला भात जाऊ दे दरसाल.”

आतून भाताचा वास आला. तोच वास. शिक्षा नव्हती तर ती. उपकार फेडणं चाललं होतं, न केलेल्या उपकाराचं. यादोरावांना वाटलं, आपण आत्ता, इथे, ह्या खाटेवर मेलो तर बरं. पण मरण असं हाकेला येत नाही. “मी नाई भांडलो,” ते म्हणाले. “त्यांनी इचारलं, याले सवय आहे का. मी म्हणलो, है, साहब. मले भेव वाटला, का तू त्या पंधराव्या होलचं बोलशीन. माहा कप जाईन.”

घनश्यामने कार्ड खाटेवर ठेवलं, ते वाऱ्याने उडू नये म्हणून त्यावर तांब्या ठेवला. मग म्हणाला, “म्हणजे गाडीत मी कप घेऊन सांगत होतो लोकाइले, तवाच तुमाले वाटत होतं, का मी चोरी केली?” यादोरावांनी होकाराची मान हलवली. “अन् तरी तांदूळ खात होते?” त्यालाही त्यांनी मान हलवली. घनश्याम उठला. रागाने नाही, काम आठवल्यासारखा. खळ्यावर गेला आणि पुंजण्यातून भारे ओढायला लागला.

सीताबाईने ताट वाढलं. भावाच्या घरचं अन्न टाकून उठायचं, एवढा नवा अपराध करायची यादोरावांच्यात ताकद नव्हती. ते जेवले. डिंपल म्हणाली, “काय वास आहे न, आबाजी!” ते हो म्हणाले. ऑटोवाला घाई करत होता. काही ठाऊक नसलेल्या सीताबाईने दाराशी ठेवलेलं पोतडं डिंपलच्या मदतीने ऑटोत चढवलंसुद्धा. सदरा खाटेवर तसाच घडी घातलेला होता.

यादोराव ऑटोत बसले, आणि उतरले. काठी टेकत खळ्यावर गेले. घनश्याम पाठमोरा उभा होता, हातात भारा, आणि उजवा पाय डाव्यावर. “घनश्याम,” ते म्हणाले, “रविवारी गाडी इकडंच पाठवाले सांगतो. माह्याऐवजी तू जा. हार तू घालून घे.”

त्याने वळून पाहिलं. डोळे लाल होते, पण आवाज साधाच होता. “मी कायले जाऊ?” तो म्हणाला. “चेंडू तुमीच मारला, भाऊ. तुमीच जा.”

ऑटो पाळीवरून रस्त्याला लागला. पोतडं यादोरावांच्या पायांशी होतं, उन्हाने कोमट झालेलं. तुमसरला उतरून दोघांनी वरठीची एसटी धरली. मोहाडीनंतर, बाजाराला निघालेल्या बायकांच्या गर्दीत, डिंपलने त्यांचा हात धरून विचारलं, “आबाजी, काय झालं? लहान आबाजी काय म्हणाले?”

“तो फटका माहाच होता म्हणे,” यादोराव म्हणाले, आणि भर गाडीत, सगळ्यांदेखत, रडायला लागले.